तीन मिनिटांचा कोसा

“हिचा आवाज ऐकून असं वाटते का बाजारात बसून मासोळ्या इकून राह्यली.”

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून हे वाक्य आलं आणि त्यामागून दोघातिघांचं हसणं. शाळेची कॉम्प्युटरची खोली आणि शिक्षकांची खोली यांच्यामध्ये तेवढंच प्लायवूड होतं. आमचा स्पीकर त्यांना ऐकू जायचा आणि त्यांचं बोलणं आम्हाला. ज्या आवाजाबद्दल ते बोलत होते, तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आठवीतल्या मुलीचा होता. तिने स्वतः बनवलेली तीन मिनिटांची फिल्म आम्ही लॅपटॉपवर पाहत होतो. वाक्य आलं तेव्हा तिचा हात माउसवर होता. तो हलला नाही. तिने फक्त स्पीकर थोडा कमी केला आणि विचारलं, “मॅडम, इथून पुढं काटायचं का?”

तिने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी ऐकलं होतं. मी म्हणाले, “हो, काट.”

त्या खोलीत जाऊन काय बोलायचं ते मी मनात आधी इंग्रजीत जुळवलं, मग हिंदीत, मग मराठीत. मराठी वाक्य तयार होईपर्यंत घंटा झाली आणि शिक्षक आपापल्या वर्गात गेले. माझं असंच होतं. माझी उत्तरं नेहमी चांगली असतात आणि नेहमी दहा मिनिटं उशिरा येतात.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि एका संस्थेत कंत्राटावर काम करत होते. पाच शाळा, दोन लॅपटॉप, तीन मोबाइल आणि एक ट्रायपॉड, ज्याचा एक पाय चिकटपट्टीने बांधलेला. मुलांनी ‘सजीवांची लक्षणे’ या धड्यावर तीन-तीन मिनिटांचे माहितीपट बनवायचे आणि फेब्रुवारीत ते गडचिरोलीच्या एका सभागृहात स्पर्धेसाठी दाखवायचे, असा प्रकल्प होता. कागदावर तो फार सुंदर दिसत होता. मुलाखत इंग्रजीत झाली आणि मी छान बोलले. काम मराठीत करायचं आहे हे मला ठाऊक होतं, पण ते ठाऊक असणं वेगळं आणि चाळीस पोरांसमोर खडू घेऊन उभं राहणं वेगळं.

आमच्या घरी हिंदी बोलतात. चंद्रपूरला अब्बूंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी ते चंद्रपुरी मराठी बोलतात आणि दुकानाची पायरी उतरले की हिंदी. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. मराठी मी पाठ्यपुस्तकातून शिकले, परीक्षेसाठी. त्यामुळे माझी मराठी स्वच्छ आहे आणि कुठल्याच गावाची नाही. वर्गात मी “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघून ओठ दाबायची. मला वाटायचं, आता मी काय चुकले?

ही शाळा आरमोरीकडची. चंद्रपूरहून नागभीडपर्यंत रेल्वे, तिथून ब्रह्मपुरीवरून एसटी, मग शेवटचा टप्पा मिळेल त्या गाडीने. पोचेपर्यंत मोबाइलची बॅटरी निम्मी व्हायची, आणि शूटिंग त्याच मोबाइलवर. शाळेत लाइट असली तर चार्जर लावायचा बोर्ड सैल, बोर्ड धड असला तर लाइट नाही. मी हे सगळं एका तक्त्यात भरायची. तक्त्यात ‘अडचणी’ असा रकाना होता आणि त्यात पन्नास अक्षरांच्या वर काही मावत नव्हतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर लक्षणं लिहिली: वाढ, हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन. विचारलं, फिल्म कशावर करणार? अर्धा वर्ग ओरडला, “वाघ!”

“बरं. वाघाचं कोणतं लक्षण दाखवाल?”

“उत्सर्जन, मॅडम! ते तं रोडवरच पडून राह्यते.”

“बाकीच्या सहा लक्षणाईसाठी तुमी जा. आमी इथीच थांबतो.”

वर्ग हसून लोळला. मीही हसले असते, पण मॅडमने हसायचं की नाही हे ठरवण्यात वेळ गेला. शेवटी एका गटाने कोंबडी घेतली, एकाने बोरीचं झाड, एकाने बेडूक. खिडकीजवळ तीन मुली बसल्या होत्या, त्यातली एक, पुढे माझ्या शेजारी बसून फिल्म काटणारी, इतक्या हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं.

“कोसा,” ती म्हणाली.

कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोश. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, त्या पाला खाऊन वाढतात आणि फांदीला टांगून स्वतःभोवती कोश विणतात. तिचं घर तलावातल्या मासोळीवर आणि जंगलातल्या कोशावर चालायचं. मला विषय आवडला. अळी खाते, वाढते, कात टाकते, कोश करते, पाखरू होऊन बाहेर येते, अंडी घालते. सातच्या सात लक्षणं आयती. मी लगेच तक्त्यात लिहिलं: उत्तम विषय.

मग कळलं की अळ्या झाडावर असतात तेव्हा तिथे बायकांनी जायचं नसतं. घरातले पुरुष जंगलातच झोपडी घालून राहतात, पक्ष्यांपासून अळ्या राखतात. तितके दिवस दाढी करत नाहीत आणि, मासोळी धरून पोट भरणारी ही माणसं, मासोळी खात नाहीत. बाई त्या झाडांखाली गेली तर पीक बुडतं. मुलीने हे असं सांगितलं, जसं कोणी सांगेल की आज गुरुवार आहे.

“मग तू फिल्म कशी करणार?” मी विचारलं.

“करीन ना मॅडम. घरी आल्यावर.”

“घरी काय येणार?”

“कोसे.”

कोशात तर काहीच होत नाही, मी म्हणाले. मला तिचा राग आला, आणि त्या झाडांचाही, आणि संस्थेने नेमका अळ्या झाडावर असताना, नोव्हेंबरमध्ये, प्रकल्प सुरू केला याचाही. महिनाभर तक्त्यात तिच्या गटापुढे ‘शूटिंग सुरू: नाही’ असंच राहिलं. कोंबडीवाल्यांची फिल्म डिसेंबरात झाली सुद्धा. त्यांच्या कोंबडीने एकाच शॉटमध्ये तीन लक्षणं दाखवली होती आणि त्याबद्दल ते कोंबडीलाच श्रेय देत होते.

जानेवारीत तिच्या घरी गेले. तिचा आजा अंगणात बसून जाळं शिवत होता. ओसरीच्या आढ्याला कोशांच्या माळा टांगल्या होत्या, पुढच्या पिकाच्या बियाण्यासाठी राखलेल्या. करड्या-पिवळ्या, अंड्यांएवढ्या कोशांच्या त्या माळा वाऱ्याने हलत नव्हत्या इतक्या जड होत्या. मी माझं तयार केलेलं निवेदन केलं: प्रकल्पाचा उद्देश, विद्यार्थ्यांचा सहभाग, चित्रीकरणाची परवानगी.

आज्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, तुमी बोलून राह्यल्या का बुकातून वाचून राह्यल्या?”

ओसरीतून मुलीची आई हसली. मुलगी हसली नाही, पण तिने मान खाली घातली.

“कुठच्या म्हणायच्या तुमी?”

“चंद्रपूरची.”

“मंग असं काऊन बोलता? चंद्रपूरचे लोक तं आमच्यासारखेच बोलतात.” उत्तराची वाट न पाहता त्याने जाळ्याचा दोरा दातांनी तोडला. “याच्या आंधी बी आले होते साहेब लोक. फोटो काढले, लिहून नेलं. काय लिहिलं, कुठी दाखवलं, आमाले का मालूम? आता नातीन सांगतो म्हणते तं सांगू द्या. पण तिनंच सांगावं. दुसऱ्यानं नाई.”

“हो, बाबाजी. तीच बोलेल,” मी म्हणाले.

इतकं सरळ वाक्य मी त्या दिवसांत क्वचितच बोलले असेन. म्हणून ते मला नीट आठवतं.

शूटिंग तीन दिवस चाललं. मी माळांचे सुंदर शॉट लावून दिले, उजेड कुठून घ्यायचा ते सांगितलं. तिने ऐकलं आणि मोबाइल तिला हवा तसा लावला. मधूनच कोंबडा आरवायचा, रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचा. मी म्हणायची, पुन्हा घेऊ. ती म्हणायची, “राहू द्या मॅडम, घरी असंच असते.” दुसऱ्या दिवशी नागपूरहून आमच्या संस्थेच्या समन्वयक सरांचा फोन आला. कोशाच्या आत काय असतं ते दाखवा, प्रेक्षकांना प्यूपा दिसला पाहिजे. मी आज्याला विचारलं, एक कोसा फाडता येईल का?

“येते ना. फाडला का तो मरते. मंग मेलेला दाखवून सजीव म्हनान का?”

मी सरांना कळवलं, ते जमणार नाही.

तिसऱ्या दिवशी आज्याने बियाण्याचे कोसे निवडायला घेतले. दरवर्षी निवडावे लागतात, कारण काही आतल्या आत मरतात आणि बाहेरून काही कळत नाही. तो माळेतला कोसा हातात घ्यायचा, कानाशी नेऊन एकदाच हलवायचा आणि दोन टोपल्यांपैकी एकीत टाकायचा. आतला जीव जिवंत असला तर भरीव, ओलसर असा ठप्प आवाज येतो. मेलेला वाळून जातो आणि खुळखुळतो. त्याने मला दोन कोसे दिले. मी दोन्ही कानाशी हलवले. दोन्ही सारखे वाटले.

“हाताले कसा लागते ते बी पाहा ना, मॅडम,” मुलगी म्हणाली. तिने एकामागून एक दहा-बारा कोसे हलवून टोपल्यांत टाकले. आज्याने एकही बदलला नाही.

तिची फिल्म अशी होती. आधी माळ दिसते आणि तिचा आवाज येतो: “हा कोसा हाये. हा खाते काय? नाई. पानी पिते काय? नाई. चालते काय? नाई. वाढते काय? चार-पाच महिने एवढाच राह्यते. बुकात जे लक्षणं देल्ले, त्यातलं एक बी दिसत नाई. मंग आमचा आजा याले जिता काऊन म्हणते?” यानंतर चाळीस सेकंद नुसती माळ. कोंबडा आरवतो, कुणीतरी भांडं ठेवतं, माळ तशीच. मग आज्याचा हात, कान, कोसा. ठप्प. दुसरा कोसा. खुळखुळ. मग ती म्हणते, “आयका,” आणि पुन्हा एकदा, मोबाइलच्या अगदी जवळ, ठप्प.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, “हे चाळीस सेकंद कमी करू. काहीच होत नाही यात.”

“काईच होत नाई, तेच तं दाखवून राह्यली मॅडम.”

मला इंग्रजीतून शिकवलेल्या जीवशास्त्राची पदवी आहे. सुप्तावस्था म्हणजे काय ते मी चार गुणांसाठी लिहिलेलं आहे. त्या कोशाचाही श्वास चालू असतो, फार मंद, हे मला माहीत होतं. पण पुस्तकातली यादी वाचून कोणाला असा प्रश्न पडू शकतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला हे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “बरं, राहू दे.” माझ्या तोंडून कौतुकही असंच निघतं, परवानगी दिल्यासारखं.

प्लायवूडपलीकडचं ते वाक्य यानंतर आठवड्याभराने आलं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी समन्वयक सर आले.

सर वाईट माणूस नव्हते. नागपूरहून पहाटेची गाडी धरून यायचे, पाच शाळा फिरायचे, सगळ्यांशी प्रेमाने बोलायचे. मला “बेटा” म्हणायचे. त्यांनी फिल्म पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

“छान आहे गं. वेगळं आहे. पण मी गुण कुठे देऊ?” त्यांनी परीक्षकांचा तक्ता पुढे केला. सात लक्षणं, सात रकाने. “ही मुलगी म्हणते एकही लक्षण दिसत नाही. परीक्षक सात रकान्यांत शून्य टाकतील.”

मी म्हणणार होते की तक्ता चुकीचा आहे. मी म्हणाले, “हो सर.”

“आणि भाषा. गोड आहे, मला आवडते. पण हॉलमध्ये बाहेरचे पाहुणे असतात. त्यांना वाटेल आपण मुलांना बोलायला शिकवलं नाही. यात अळीचं, पाखराचं फुटेज टाकू, माझ्याकडे आहे. सातही लक्षणं येतील असं निवेदन मी लिहून देतो. बोलायला…” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तूच बोल ना. तुझी मराठी किती स्वच्छ आहे. तुझ्या घरी मराठी नाही हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही.”

लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. पोरं ज्या बोलण्यावर ओठ दाबून हसायची, आज्याने ज्याला बुकातलं म्हटलं, त्याला कोणीतरी प्रथमच चांगलं म्हणत होतं. तो आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात मी “चालेल सर” म्हणून बसले होते.

रविवारी दुपारी घरी, माझ्या खोलीची खिडकी लावून, पंखा बंद करून, मी ते निवेदन रेकॉर्ड केलं. “सजीवांची प्रमुख लक्षणे सात आहेत. टसर रेशमाच्या कीटकात ही सर्व लक्षणे आढळतात.” घामाने कागद हाताला चिकटत होता. ‘आढळतात’मधला ‘ळ’ नीट यावा म्हणून मी ते वाक्य सहा वेळा बोलले. चाळीस सेकंदांची माळ चारवर आली. आज्याचा कानाशी हलणारा हात राहिला, पण ठप्प गेलं, कारण तिथे माझं ‘चेतनाक्षमता’ चालू होतं. खाली सरांनी दिलेली बासरी लावली. फिल्मच्या शेवटी दिग्दर्शन आणि निवेदन म्हणून तिचंच नाव ठेवलं. ते सरांनीच सांगितलं होतं, स्पर्धा मुलांची आहे ना.

जुनी फिल्म मी पुसली नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं, जणू मी काहीतरी वाचवलं.

सोमवारी तिला म्हणाले, “आवाज थोडा नीट केला आहे.”

तिने विचारलं, “माहा आवाज खराब आला का मॅडम?”

तिच्या दोन्ही मैत्रिणी दारात उभ्या होत्या. प्लायवूडपलीकडे कोणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. मी म्हणू शकले असते की आवाज चांगला आहे, सर नको म्हणतात. तेवढंच खरं होतं. मी म्हणाले, “नाही नाही. रेकॉर्डिंग खराब आलं. कोंबडा, ट्रॅक्टर… ऐकू येत नव्हतं नीट.”

“मी परत बोलते ना मग.”

“आता वेळ नाही.”

“हाव मॅडम,” ती म्हणाली. तिने नवी फिल्म दाखवा असं म्हटलं नाही आणि मी दाखवली नाही.

गडचिरोलीच्या त्या सभागृहात पाचही शाळांची मुलं आली होती. कोरपन्याच्या मुलांनी सिमेंटची धूळ बसलेल्या कपाशीच्या पानांवर फिल्म केली होती, अहेरीच्या मुलांनी बाजारातल्या गुळावर येणाऱ्या मुंगळ्यांवर. टाळ्या, शिट्ट्या, मधूनच अडकणारा प्रोजेक्टर. प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप माझा होता, म्हणून मी तिसऱ्या रांगेच्या कडेला, वायरींजवळ बसले होते. ती पुढे, गणवेशात, लाल रिबिनी बांधून. आणि शेवटच्या रांगेत तिचा आजा. तो येणार आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पांढरा सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून तो पडद्याकडे बघत होता, फिल्म सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून.

मग आमची फिल्म लागली. बासरी वाजली. पडद्यावर त्यांच्या ओसरीतली माळ आली आणि माझा आवाज बोलू लागला.

स्वतःचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकणं कोणालाच आवडत नसेल. पण मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. एक बाई कोणाच्या तरी घरात उभी राहून, त्या घरातल्या माणसांकडे न बघता, यादी वाचत होती.

“अगे, हे तं मॅडम बोलून राह्यल्या,” तिची मैत्रीण कुजबुजली. दुसरी खुदकन हसली. मुलगी हसली नाही आणि मागे वळलीही नाही. तिच्या रिबिनी मला दिसत होत्या, त्या जराही हलल्या नाहीत.

मागून मोठ्याने प्रश्न आला, “हे कोण बोलते?”

कोणीतरी शूऽऽ केलं.

“नाई, पन हे कोण बोलते? आमची पोट्टी कुठी हाये?”

पुन्हा शूऽऽ. पडद्यावर आज्याचा हात कोसा हलवत होता आणि माझा आवाज सांगत होता की सजीव उद्दीपनाला प्रतिसाद देतात.

फिल्म संपली. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे कॉलेजातून जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. ते खुर्चीतून उठून माइकवर आले. “मला सांगा, या खेड्यातल्या आठवीतल्या मुलीची भाषा ऐकलीत? किती स्पष्ट उच्चार! ‘चेतनाक्षमता’! आमच्या शहरातल्या मुलांना जमणार नाही. कुठे आहे ती? ये बेटा, वर ये.”

ती उठली. तिच्या जागेपासून स्टेजच्या पायऱ्या फार लांब नव्हत्या, पण ती त्या अगदी सावकाश चढली. पाहुण्यांनी माइक तिच्या हातात दिला.

“चार वाक्यं बोल. त्याच तुझ्या छान भाषेत. हा विषय तुला कसा सुचला?”

तिने माइक धरला. तोंडाजवळ नेला नाही. तिच्याकडे सांगायला पुष्कळ होतं, हे मला आणि आज्याला माहीत होतं. पण तिने तोंड उघडलं असतं तर पहिल्याच शब्दाला सगळ्यांना कळलं असतं की मघाचा आवाज तिचा नव्हता, आणि मग लबाड ठरली असती ती. पडद्यावर नाव तिचं होतं. मी तिला अशा जागी उभं केलं होतं जिथून ती बोलूही शकत नव्हती आणि न बोलता खालीही येऊ शकत नव्हती. आणि तरीही ती माझ्याकडे बघत नव्हती. एकदा जरी बघितलं असतं तर सगळ्यांना समजलं असतं. ती मला सांभाळत होती.

“अरे, बोल ना. लाजतेस कशाला?”

सभागृहात खुसखुस सुरू झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “पडद्यावर तं लय बोलत होती!” मोठा हशा झाला.

सर हसत पुढे झाले. त्यांनी तिच्या हातातून माइक हळूच काढून घेतला. “आमची ग्रामीण भागातली मुलं, काय आहे, स्टेजवर जरा बुजतात. पण गुण आहेत, आपण पाहिलेच…”

मी उभी राहिले. गुडघ्यांना वायर लागली आणि लॅपटॉप सरकला, तो मी हाताने धरला. सरांनी मला पाहिलं आणि बोलता बोलताच तळहात खाली करून बस, बस अशी खूण केली. पाहुण्यांनीही पाहिलं. वाक्य जुळवलेलं नव्हतं. माइकही नव्हता. म्हणून मला ओरडावं लागलं, आणि माझा आवाज चिरका निघाला, अजिबात स्वच्छ नाही.

“सर, ती लाजत नाहीये, तिला मी गप्प केलंय! तो आवाज माझा आहे. तिचा आवाज चांगला होता, रेकॉर्डिंग पण चांगलं होतं, मी तिच्याशी खोटं बोलले. तिची फिल्म इथेच आहे, या लॅपटॉपमध्ये, तिच्या आवाजातली. थांबा, मी आत्ता लावते.”